सरूचा निरोप

हॅलो?… हां, मुंजाजी, बोल. गुरुजीच बोलतोय… सरू मजेत हाय. तुझ्या लेकीला कुणी खात न्हाई. आमी शाळेच्या पोरांना घेऊन बीडात, रेडिओच्या संग्रहालयात…

काय?… ट्रक आला? आजच? अरे, ऊसतोडीची टोळी दसऱ्यानंतर निघणार होती ना?… हो, ऊस वाळायच्या आत कारखाना सुरू करायचाय. आणि गावात पाणी न्हाई. कळतंय मला.

पण सरूचं ठरलंय ना. ती आजीपाशी राहून शाळा शिकणार. सोसायटीच्या ओट्यावर चारचौघांत तूच म्हणालास… आजी कुठं निघाली? लेकीकडं?… तिकडं बोअरला पाणी हाय. अस्सं.

मग माझ्या घरी ठेव. तुझी मंजुळावहिनी हाय की… अरे ऐक तर… विमलला दे फोन.

विमल, अगं ऐक ना… हो… हो… तुमी दोघं उसाच्या फडात, मग बाळाला कोण बघणार… दुसऱ्या कुणाकडं राहतच न्हाई?… सरूच लागती त्याला. हो, बाई.

न्हाई, रागावलो न्हाई. मुंजाजीला दे.

मुंजाजी, तिला न्यायला कुठवर आलात?… मांजरसुंबा सोडलं? म्हंजे पोचलातच की.

थोडं थांबशील? इथं निरोप धाडायचं बिनतारी यंत्र हाय. एका खोलीतून ठोके द्यायचे, दुसऱ्या खोलीत कानाला लावून ऐकायचे. पोरं दोन महिने माझ्या घरी चमच्यानं थाळीवर शिकलीत. थाळ्यांना पोचे पडले, मंजुळा मला अजून बोलती… सरू यंत्रावर बसलीय. थांब, फोन तिच्याजवळ धरतो.

ऐकलंस?… नुसती कटकट न्हाई रे. तुझं नाव हाय ते. आखूड ठोका, लांब ठोका, त्यातून एकेक अक्षर. एकही ठोका चुकली न्हाई.

मुंजाजी?… रडू नको रे. ड्रायव्हर बघत असंल.

हो. आणतो… तिची पिशवी तुमच्यापाशी हाय? आणि दप्तर?… घरीच राहू दिलंस. बरं.

फक्त एक कर. बाहेर आलात की हॉर्न नका वाजवू… का म्हंजे? अरे, निरोप पाठवून ती थांबलीय. मीच शिकवलंय, उत्तर येईस्तोवर जागचं हलायचं न्हाई. पलीकडच्या खोलीत तर कुणीच न्हाई…

हां. ऐकू आला हॉर्न.

ठेवतो. उठवतो तिला.