बोथट शाश्का आणि पहिला दात

…तर म्हणे, "बोथट तलवार लावली तर पोरगा बोथट निघेल!" कोण म्हणे? माझे सासरे, निकांद्रबाबा, दुसरं कोण... आता तुम्हीच सांगा, माझ्या दूधपित्या येर्मोल्काला धार कशाला हवी? मी भित्री नाही हं, पण आई आहे.

आमच्याकडे, कुबान नदीच्या काठी, मुलाला पहिला दात आला की त्याला घोड्यावर बसवतात आणि अंगावर शाश्का लटकवतात, म्हणजे आम्हा कॉसॅक लोकांची तलवार, म्यानातही धार वर करूनच राहणारी. मुलानं आयाळ धरली तर शूर, रडलं तर... नातेवाईक जन्मभर सांगत बसतात. सासऱ्यांच्या आजोबांची खरी शाश्का त्यांच्या पलंगाच्या वर टांगलेली. म्यानाची शिवण उसवलेली, तीही नेमकी धारेच्या बाजूनं. त्या फटीतून पातं माझ्याकडे बघतं. आणि माझा नवरा लुक्यान काय करतो? हुबेहूब तशाच शाश्का घडवतो! पार पीटर्सबर्गचे शौकीन नेतात. धार नसते, पण वजन, बाक, सगळं आजोबांच्या शाश्केचं. म्हटलं, ही लावू या. तर सासरे, "सूनबाई, ते खेळणं. शहरातल्यांच्या सोफ्यावर टांगायचं." लुक्यान इतकी वर्षं हेच ऐकतोय, आणि खाली मान घालून मूठ घासत बसतो.

मग मीच बोलून गेले, "बाबा, दोन्ही आणा अंगणात. येर्मोल्का धरेल ती त्याची." बोलले आणि मग सुचलं... त्यानं खरी धरली तर? एवढी शिकलेली मी, आणि फैसला सोपवला कुणावर, तर ज्याला अजून स्वतःचा पाय सापडत नाही त्याच्यावर.

झोर्का घोडीवर खोगीर चढलं, खोगिरावर येर्मोल्का, त्याला घट्ट धरून मी. सासऱ्यांनी खरी पुढे केली. शिंगाची गार मूठ लागताच पोरानं हात मागे घेतला, ओठ थरथरायला लागला. शेजारची मार्फामावशी लगेच, "रडतोय गं, रडतोय." मी भित्री नाही हं, पोराला तेवढं आणखी घट्ट धरलं. तेवढ्यात लुक्याननं आपली पुढे धरली. पोरानं अक्रोडाच्या लाकडाची मूठ ओढली, तोंडात घातली आणि त्या एकुलत्या एका दातानं अशी चावली की लाकडावर खूण उठली. मग झोर्काची आयाळ मुठीत धरून लाळ गाळत हसला.

सासऱ्यांनी चष्मा लावून खूण पाहिली, पातं उपसलं, हातावर तोललं, पुन्हा तोललं. "बाक आजोबांचाच आहे रे, लुक्यान," एवढंच म्हणाले, आणि स्वतःच्या हातानं पट्टा नातवाच्या खांद्यावर चढवला. लुक्यान घोडीच्या आड जाऊन नाक पुसत होता. माझी छाती इतकी फुगली की मार्फामावशीनं विचारलं, "बरं वाटत नाही का गं?"

आता दोन्ही शाश्का सासऱ्यांच्या पलंगाच्या वर शेजारी शेजारी टांगलेल्या. येईल त्याला आधी चावलेली दाखवतात.

फक्त त्याच संध्याकाळी म्हणाले, "पहिल्या दाताला बोथट चालली, सूनबाई. दुसऱ्याला धारेची." असा रिवाज आमच्यात नाहीच मुळी, त्यांनी तिथल्या तिथे काढला. आणि आज सकाळी लापशी भरवताना चमचा कशावर तरी टक्‌कन वाजला, पहिल्या दाताच्या अगदी शेजारी... मी भित्री नाही हं. पण तुम्ही काही ऐकलं नाहीत.