रेषा, ठिपके आणि एक वजा

...नाही, पण तुम्हीच सांगा, दोनच इलेक्ट्रॉन आहेत हो, फक्त दोन! हेलियमच्या अणूत दुसरं आहे काय? मधे केंद्र, भोवती हे दोघे, संपलं बिऱ्हाड! बाजूनं एक विद्युतभारित कण भरधाव जातो आणि हे दोघंही घराबाहेर पडतात, कसे पडतात आणि किती वेळा पडतात एवढंच गणितानं सांगायचं, याला म्हणतात दुहेरी आयनीभवन, आणि या पीएच.डी.त माझी सात वर्षं गेली! सात! लग्नात सासऱ्यांनी विचारलं, "जावईबापू, किती राहिलंय?" म्हटलं, झालंच! आता ते विचारतसुद्धा नाहीत. माझ्याकडे बघतात आणि पेपर उघडतात.

तुम्हाला सांगतो, हे सगळं पाहुण्यांसारखं असतं. कधी जाणारा कण दोघांनाही धक्का मारून उठवतो. कधी एकालाच मारतो, आणि तो उठला की दुसरा, "चला, मग आम्हीपण निघतो!" आता या दोन्ही शक्यता एकत्र मांडल्या, की कण धन आहे की ऋण यावर उत्तर बदलतं. माझं गणित म्हणालं, ऋण कण गेला तर दोघं जास्त वेळा बाहेर पडतील, धन गेला तर कमी. कॉम्प्युटर अकरा दिवस घरघरला, तेव्हा कुठे ती रेषा आली!

पण शेजारच्या खोलीत एक प्रयोगवाला बसतो. तो खरेखुरे कण सोडतो, मोजतो आणि आलेखावर ठिपके देतो, म्हणून आमचा ठिपकेवाला. माझी रेषा त्याच्या ठिपक्यांवरून गेली पाहिजे, नाहीतर मी खोटा! त्यानं दोन फाइली पाठवल्या, एक धन कणांची, एक ऋण कणांची, आणि ठिपके बरोब्बर उलटे! धन वर, ऋण खाली! माझे मार्गदर्शक सर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "हे बघ, निसर्ग चुकत नाही. तू चुकतोस." झालं! आठ महिने चूक शोधली, सापडेना. असेल तर सापडेल ना! शेवटी... आता तुमच्यापासून काय लपवायचं... एके ठिकाणी हळूच एक वजा चिन्ह घातलं. रेषा ठिपक्यांवर! सर खूश! "पण वजा का आलं, ते लिही हं." लिहिलं! वजा का अटळ आहे यावर चाळीस पानांचं प्रकरण लिहिलं, आणि लिहिता लिहिता मलाच पटलं हो! जुन्या रेषेची फाइल सरांनी पुसायला लावली. "चुकीचं जपून ठेवू नये." इलेक्ट्रॉन दोन, फक्त दोन, आणि पानं चाळीस!

या शुक्रवारी प्रबंध द्यायचा. तिसरी मुदतवाढ, शेवटची, नाहीतर नावच कमी. आणि मंगळवारी ठिपकेवाला चहाचा कप घेऊन दारात! "अरे, गंमत झाली! त्या दोन फाइलींची नावं माझ्याकडून अदलाबदल झाली होती. दोन वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नाही बघ!" गंमत! याला गंमत म्हणतो हा! सरांकडे धावलो. सर शांत. "सोपंय. वजा काढ." काढतो हो, पण कॉम्प्युटर पुन्हा अकरा दिवस घरघरणार, आणि हातात दिवस तीन!

घरी येऊन डोकं धरून बसलो. बायको म्हणाली, "ती जुनी रेषा तू कागदावर छापली होतीस ना? ती मी डब्यांच्या फळीवर अंथरलीय." डबे उतरवले तर होती! तेलकट, पिवळी, पण बरोबर, आणि खाली सगळे आकडे! रडूच आलं मला, खोटं कशाला सांगू! दोनच इलेक्ट्रॉन, फक्त दोन, अख्ख्या जगात शोधले आणि निघाले साखरेच्या डब्याखाली! कागद उचलला, तर बायको म्हणते, "ने खुशाल. पण फळी उघडी ठेवून जायचं नाही. दुसरं काहीतरी अंथर."

मग काय... वजाचं प्रकरण अंथरलं. चाळीसच्या चाळीस पानं. आणि तुम्हाला सांगतो, पार कोपऱ्यापर्यंत अगदी मापात बसलं. बायकोनं डबे लावता लावता सासऱ्यांना फोनवर सांगितलंसुद्धा, "बाबा, ह्यांचं काम बसलं एकदाचं!"