फिलोमिनाबाईचा पीस

ऐक रे, आमच्या आचऱ्याच्या शाळेत फिलोमिनाबाई इंग्लिश शिकवुक इली. पोरांच्या तळव्यार कोंब्याचा पीस ठेवी. 'पेन' म्हटला की तोंडातल्या वाऱ्यान पीस उडाक होया, तरच उच्चार बरोबर. पोरां खूश! फक्त माझी नात सुमी, सगळी हसतीत म्हणान, वर्गात तोंडच उघडी नाय.

मी खिडकीतसून वरडलंय, "बाई, शिकवतास काय कोंबो सोलतास?"

बाईन माकाच आत घेतल्यान, हातार पीस ठेवल्यान. "बोला, आजोबा."

'पेन, पेन' करून दमलंय, पीस हलाक नाय. पोरां हसान लोळाक लागली.

तेवढ्यात सुमी वरडली, "तसा नाय रे आजा! आधी ओठ मिट, मगे फुस्स करून सोड. पेन!" तिचा पीस थेट माझ्या मिशेर!

काय डोक्याची बाई बघ! दारापर्यंत इली, हळूच म्हणाली, "आजोबा, उद्या पण या. फक्त घरी सराव करू नका."