कुंब्रेच्या चढावर

कुंब्रेच्या घाटात आमची मिनीबस दमून थांबली. आम्ही वाजंत्री ढोल-कर्णे सांभाळत खाली उतरलो. बॉनेटपाशी ड्रायव्हर सेवेरो आणि त्याची सासू निकोलासा यांची जुंपली होती.

“इथे हवा विरळ आहे, सासूबाई. इंजिनाला दम लागतो.”

“परवा हाच चढ बटाट्याची पोती घेऊन चढली ना ही? तेव्हा हवा दाट होती का?”

“धूर बघा किती काळा येतोय. डिझेल पोटभर मिळतंय, हवाच पोचत नाहीये.”

“मग कुठे अडलीये ते बघ! तिकडे माझी धाकटी नवरी होऊन बसलीये, आणि वाजंत्री इथे कुडकुडताहेत.”

“एअर फिल्टर उघडतो... अगं आई गं! हे काय?”

“कागदाच्या टिकल्या दिसतात. पाकळ्यापण आहेत.”

“काल कोपाकाबानाच्या चर्चपुढे गाडीची पूजा केली, तेव्हा इंजिनावर कोणी उधळल्या?”

“सगळ्यांनीच उधळल्या.”

“सगळ्यांनी टपावर. इंजिनावर कोणी?”

“टप ओढतं का रे गाडी? ओढतं इंजिन. मग त्याला नको प्रसाद?”

“म्हणून हवेच्या तोंडातच कोंबलात?”

“मी नाही कोंबल्या. त्यानेच ओढून घेतल्या. आवडल्या असतील.”

सेवेरोने फिल्टर आपटला, फुंकला. लाल-पिवळ्या टिकल्या आमच्या टोप्यांवर येऊन बसल्या. किल्ली फिरवताच इंजिन खणखणीत बोललं.

“चला, बसा सगळे! सासूबाई, पिशवीत काय चाचपताय?”

“थोड्या उरल्यात. गाडी सुरू झाली, धरणीमातेचे, पाचामामाचे आभार नकोत मानायला?”

“माना की! पण आधी मला बॉनेट लावू द्या!”