हेर पावणेसातचं दुसरं हसू

या मंडळी, बसा. मागचे पुढे या, पुढचे जरा सरकून घ्या. उत्सवाचा आज शेवटचा दिवस, माझा घसा बसलाय, आणि खरं सांगू? बोलून बोलून जीवही दमलाय. म्हणून आज टाळ जरा हळू वाजवा आणि माझ्या एका प्रश्नाचा विचार करा. सोपा प्रश्न आहे. एकदा येऊन गेलेलं हसू परत बोलावता येतं का?

हसता काय! मागच्या वर्षी याच मंडपात मी जिलबीचा किस्सा सांगितला, तेव्हा तुम्ही मांड्या बडवल्यात. काल तोच सांगितला. कोण हसलं? एकटे पेटीवाले अभ्यंकर! आणि त्यांना तर हसावंच लागतं, ते माझ्याबरोबर येतात. मग किस्सा बिघडला, की मी म्हातारा झालो, की तुम्ही शहाणे झालात? त्याचंच आजचं आख्यान. देवादिकांचं नाही, एका नटाचं आहे.

यशवंत रिसबूड नावाचे एक विनोदी नट होते. तरुणपणी त्यांनी एक नाटक लिहिलं आणि त्यात स्वतःच काम केलं — ‘हेर नंबर पावणेसात’! काळा कोट, काळा चष्मा, खोटी मिशी, तपकिरीच्या डबीत लपवलेलं पिस्तूल. आता तपकिरीच्या डबीत पिस्तूल ठेवलं की काय होणार? नेम धरायच्या आधीच शिंक! असा हा हेर शत्रूच्या गुळाच्या गोदामात शिरतो, पकडला जातो, मार खातो, पण नाव सांगत नाही. उलटं टांगतात, तरी नाही. आणि तेवढ्यात पिशवी घेऊन एक मावशी गूळ घ्यायला येते. त्याच्याकडे निरखून बघते आणि विचारते, “कुणाचा रे तू?”

झालं! एवढा मार खाऊन गप्प बसलेला हेर, उलट्याचा सुलटा होतो, हात जोडतो आणि सवयीनं बोलून जातो, “सुमनचा.”

लोक खुर्चीवरून खाली पडायचे हो! का पडायचे? कारण खरं होतं ते. आपल्याकडे कुणाला गुप्तहेर होता येईल का, सांगा बरं! दाढी लावा, पगडी घाला, चौकात एक तरी मावशी भेटणारच, आणि तिनं ‘कुणाचा रे तू’ म्हटलं की आपण आईचं नाव सांगणारच.

सुमन हे रिसबुडांच्या आईचं खरंच नाव. लिहिताना सहज आलं ते तसंच राहिलं. आई आधी रागावली, चारचौघांत माझं नाव कशाला म्हणाली. मग मात्र प्रत्येक प्रयोगाला पुढच्या रांगेत येऊन बसायला लागली.

वर्षं गेली. नाटक बंद पडलं, पण ते वाक्य काही रिसबुडांना सोडीना. भाजी घ्यायला गेले की भाजीवाली विचारायची, कुणाचा रे तू. बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत तेच. त्यांना उत्तर द्यावं लागायचं आणि समोरचा हसायचा. पुढेपुढे समोरचाही नुसतं हसल्यासारखं करायचा. नवं काम कुणी देईना. रिसबूड थकले. हशाची एकदा चटक लागली ना मंडळी, की ती तंबाखूपेक्षा वाईट. मी सांगतो म्हणजे माझ्यावर विश्वास ठेवा.

आणि घरात काय? आई नव्वदीला टेकलेली. हातपाय बरे, पण आठवण गेली. सकाळी मुलगा चहाचा कप पुढे करायचा आणि ती निरखून बघत विचारायची, “कुणाचा रे तू?”

आता हसा.

नाही येत ना हसू? त्यांनाही येत नव्हतं. ते म्हणायचे, “सुमनचा.” ती विचारायची, कोण सुमन?

अशात मोहरीर नावाचे एक निर्माते आले. म्हणाले, लोकांना जुनं हवंय, दुसरा भाग काढू, ‘पुन्हा पावणेसात’. रिसबुडांनी त्याच दिवशी लिहायला घेतलं. जुने सगळे विनोद घेतले, तपकिरीच्या डबीच्या जागी मोबाईल आणला, आणि मावशीच्या कामाला पुन्हा कुमुदताई आचरेकरांना बोलावलं. पूर्वी कुमुदताई केसांना पीठ लावून म्हाताऱ्या व्हायच्या. आता पिठाची गरज उरली नव्हती!

पहिला प्रयोग दुपारचा होता. रिसबुडांची बायको मुलीच्या बाळंतपणाला गेलेली, आईला सांभाळणारी बाई ऐन वेळी आली नाही. करतात काय, आईला घेऊनच नाट्यगृहात आले. पुढच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसवलं आणि तोंडाला रंग लावायला गेले.

पडदा वर गेला. मंडळी, नाटकवाले वाक्य टाकलं की क्षणभर थांबतात, लोकांच्या हसण्यासाठी जागा सोडतात. रिसबुडांनी जागा सोडली, आणि त्या जागेत फक्त पंख्याचा आवाज आला. मोबाईलचा विनोद केला, तर लोकांनी आपापले मोबाईल तपासले! उलटं टांगून घेतलं, तर एक बाई हळहळली, “या वयात कशाला हो!” विंगेतून कुमुदताई दबक्या आवाजात सांगत होत्या, “रिसबूड, थांबू नका, पुढे चला.” पण सवय जाते का? ते प्रत्येक ठिकाणी थांबत होते, आणि दर वेळी थोडे थोडे खचत होते.

शेवटी तो प्रसंग आला. कुमुदताई पिशवी घेऊन आल्या, निरखून बघितलं, विचारलं, “कुणाचा रे तू?”

रिसबुडांना उत्तर देववेना. सकाळीच घरी दिलं होतं हो ते उत्तर. जागा लांबत गेली. आणि पुढच्या रांगेतून खणखणीत आवाज आला, “माझा! माझा आहे तो!”

आई उभी राहिली होती. असा हशा आणि अशा टाळ्या की छप्पर हललं. लोकांना वाटलं, नाटकातलंच आहे. रिसबूड मात्र काळ्या चष्म्याआड रडत होते. कितीतरी दिवसांनी आईनं ओळखलं होतं.

इथं आख्यान संपवलं तर तुम्ही डोळे पुसत घरी जाल. मलाही बरं पडेल, घसा वाचेल. पण संपलं नाही.

मोहरीर धावत आत आले. म्हणाले, रिसबूडसाहेब, हेच ठेवायचं, प्रत्येक प्रयोगाला आईंना आणायचं. कुमुदताई म्हणाल्या, असलं काही करू नका. रिसबुडांनाही ते पटत होतं. पण कानात अजून तो हशा घुमत होता! त्यांनी मनाची समजूत घातली, की आईलाही बरं वाटतं, माणसांत येते, ओळखते. पुढच्या रविवारी आईला नवं लुगडं नेसवलं, केसांत गजरा माळला आणि त्याच खुर्चीवर नेऊन बसवलं.

बातमी गावभर झालेली. नाट्यगृह भरलं. लोक नाटक बघायला नव्हते आले, म्हातारी कधी बोलते ते बघायला आले होते. प्रसंग आला. कुमुदताईंनी नाखुशीनं विचारलं, “कुणाचा रे तू?”

रिसबुडांनी जागा सोडली. आई गप्प. रिसबूड थांबले. माना वळल्या, सगळं नाट्यगृह त्या खुर्चीकडे बघायला लागलं. आईनं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. इतकी माणसं आपल्याकडेच बघतायत. ती घाबरली. पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला आणि शेजारच्या बाईला म्हणाली, “मी काय केलं हो?”

आणि मंडळी, लोक हसले. पोट धरधरून हसले. त्या सबंध नाटकातला सगळ्यात मोठा हशा तो.

मागितलं होतं, ते मिळालं.

रिसबूड तसेच पायऱ्या उतरून खाली आले. गुडघे दुखत होते तरी आईसमोर खाली बसले, चष्मा काढला, तिचा हात हातात घेतला. “तू काही नाही केलंस आई. चल, घरी जाऊ.” मागे कुमुदताईंनी कुणाला न विचारता पडदा पाडायला लावला. ‘पुन्हा पावणेसात’ तिथंच बंद झालं.

घरी आल्यावर त्यांनी तोंडही धुतलं नाही. आईला भूक लागली होती. वरणभात कालवला आणि तिला भरवायला बसले. घामानं खोट्या मिशीची एक बाजू सुटली होती, आणि ते वाकले तशी ती मिशी टपकन वरणात पडली. आईनं वाटीत बघितलं, त्यांच्या तोंडाकडे बघितलं, आणि खुदकन हसली. मग दोघंही हसली. ना टाळ्या, ना माणसं. आईनं त्यांना ओळखलं होतं का? नाही. पण हसली.

रिसबुडांचा हात वाटीकडे गेला. मिशी उचलून पुन्हा ओठावर लावावी, पुन्हा पाडावी, म्हणजे ती पुन्हा हसेल! हात तिथवर गेला आणि थांबला. त्यांनी वाटी बाजूला ठेवली, दुसऱ्या वाटीत वरण वाढलं आणि पुढचा घास केला.

मंडळी, तुमच्याही घरी कुणी आजी आहे. परवा ती काहीतरी बोलली आणि सगळे हसलात. काल पाहुणे आले, तर तुम्ही तिच्यासमोर मोबाईल धरलात, “आजी, ते परवाचं बोल ना.” बाळ एकदा बोबडं बोललं, तर चारचौघांत त्याला दहादा बोलायला लावलंत. ते तुमच्या तोंडाकडे बघत राहिलं. त्या बघण्यात काय होतं, हे तुम्ही पाहिलंत का? मोबाईलमधून दिसत नाही ते.

आज घरी जाल, तेव्हा कुणी आपणहून हसलं, तर बरोबर बसा आणि हसा. ‘पुन्हा’ म्हणू नका. उठा आता, आरतीची वेळ झाली.