किल्लेदाराला वाचून दाखवलेलं पत्र

(नववं शतक. रोमी साम्राज्याची पूर्वेकडची सरहद्द. घाटातल्या किल्ल्यामधली कोठडी. सकाळ.)

बर्दास : हसू नकोस बाई. मी किल्लेदार आहे. मला तलवार येते, अक्षर कशाला यायला हवं?

नाझेनी : हसत नाही हो. पण राजधानीचं पत्र वाचून घ्यायला तुम्ही कैदिणीच्या कोठडीत आलात!

बर्दास : मग करू काय? किल्ल्यातला पाद्री परवाच तापानं गेला. आता सबंध घाटात वाचता येतं ते तुम्हा पौलपंथी पाखंड्यांनाच. बायाबापड्यासुद्धा शास्त्र वाचतात तुमच्यात!

नाझेनी : त्याच गुन्ह्यासाठी तर धरलंत मला.

बर्दास : तोंड आवर आणि वाच.

नाझेनी : पत्र पाद्र्याच्या नावचं आहे. ‘जे क्रूसाला नमत नाहीत, शास्त्रातली पौलाची पत्रं घरात ठेवून स्वतः वाचतात, त्या सगळ्यांना किल्लेदाराकडून रविवारच्या आत जाळवून घ्यावं. बाया वगळू नयेत.’

बर्दास : असं लिहिलंय?

नाझेनी : असंच.

बर्दास : काहीतरीच! स्वतःचं मरण कुणी इतकं खडखडीत वाचतं का? ‘सोडून द्या’ असं वाचलं असतंस, तर मला काय कळणार होतं?

नाझेनी : सुचलं होतं. पण जीभ वळेना.

बर्दास : माझा नाही विश्वास बसत. अरे, त्या शेजारच्या कोठडीतल्या म्हाताऱ्या मुशेगला आणा इकडे! हिला वाचायला त्यानंच शिकवलंय. हं, मुशेग, हे वाच.

मुशेग : जरा उजेडात धरा. हं... पाद्र्यास... जाळवून घ्यावं... बाया वगळू नयेत...

बर्दास : म्हणजे खरंच वाचलंन की हिनं!

मुशेग : खाली आणखी आहे. ‘किल्लेदार पाखंड्यांशी मऊ वागतो, हे तुम्ही कळवलंत ते बरं केलंत. काम उरकताच पत्र घेऊन आलेले स्वार त्याला बेड्या घालून आणतील. त्याचे डोळे काढायचं ठरलं आहे.’

बर्दास : ...बाई, हे तू गाळलंस.

नाझेनी : गाळलं.

बर्दास : आणि म्हणे जीभ वळत नाही!

नाझेनी : खोटं कुठं बोलले? गप्प बसले. तुम्ही घाबरला असतात तर स्वारांना खूश करायला आजच लाकडं रचली असतीत.

बर्दास : आणि तू रे, म्हाताऱ्या? तू का वाचलंस?

मुशेग : वाच म्हणालात. लोकांना शास्त्र अर्धंच वाचून दाखवणारा मी काय पाद्री आहे?

बर्दास : चौघं स्वार खाली बसून माझंच मटण खातायत. मघाशी मीच आग्रह करून वाढलं.

नाझेनी : सरहद्दीपलीकडचा अमीर आमच्या लोकांना आसरा देतो. मुसलमान आहे, पण क्रूसाचा मुका घ्या म्हणत नाही.

बर्दास : मला कसा ठेवून घेईल? मी त्याची माणसं मारलीत.

मुशेग : आमचीही मारलीत. माझा धाकटा भाऊ त्यातलाच. तरी बोलतोय ना मी तुमच्याशी?

बर्दास : ...ह्या घ्या कोठड्यांच्या किल्ल्या. तुमची एकोणीसच्या एकोणीस माणसं मागच्या दिंडीशी आणा, आवाज न करता. बायकोला आणि लेकीला घेऊन मी येतोच. इथून सरहद्द किती लांब पडेल?

नाझेनी : बारा वर्षं तुम्हीच राखताय ना ती, किल्लेदार?