विलंब माफीचा अर्ज

मानवी हक्क न्यायालयाच्या खिडकीशी म्हातारी कारकुनापुढे अडून उभी होती आणि तिच्यामागच्या शिंपिणीचे कान तिकडेच होते.

“आजी, कागद दाखल करायची मुदत काल संपली.”

“हा माझ्या पोराच्या शवविच्छेदनाचा अहवाल आहे. पोलिसांनी आज सकाळी दिला. काल कुठून आणू?”

“मग विलंब माफीचा अर्ज करा. रीतच आहे तशी.”

“पोरगा त्यांच्या कोठडीत मेला, अहवाल त्यांनी दाबून ठेवला, आणि माफी मी मागू?”

“त्याशिवाय कागद आत जात नाही.”

“अर्ज करते. पण उशीर पोलिसांनी केला, असंच लिहीन.”

“आतले न्यायाधीश साहेब चिडतील.”

“चिडू देत. पेन द्या.”

“मागे रांग खोळंबलीये, आजी!”

शिंपीण पुढे सरकली.

“त्यांना सावकाश लिहू द्या. आम्हाला मुळीच घाई नाही.”